पाण्याची दाढी

एका शिक्षकबंधूंचे पत्र माझ्यासमोर आहे. बाजाराच्या एका मोठ्या गावी ते सातवीच्या वर्गाला मराठी शिकवतात. मुलांना त्यांनी निबंध घातला होता : 'माझ्या वडिलांचे काम'. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले, "माझे वडील हजामत करतात." ते मोठ्याने वाचले जाताच वर्ग खो खो हसला. मुलगा खाली बसला, तो मान वर करीना. गुरुजींनी घाईघाईने तो शब्द खोडला आणि त्यावर 'केशकर्तन' असे लिहिले. मधल्या सुट्टीत मुलगा वही घेऊन त्यांच्याकडे आला नि म्हणाला, "गुरुजी, हे चुकलंय. केस कापायचं काम माझे चुलते करतात. बाबा दाढी करतात. वस्तऱ्यानं, साबण-ब्रश लावून, जुन्या पद्धतीनं. त्याला काय म्हणायचं?"

गुरुजींनी हा प्रश्न माझ्याकडे धाडला आहे. सोबत दोन शब्दही सुचवले आहेत. इंग्रजीत या प्रकाराला 'वेट शेव्हिंग' म्हणतात असे त्यांच्या वाचनात आले. त्यावरून 'आर्द्र क्षौरकर्म' किंवा 'ओली दाढी' म्हणावे काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

आता पहिल्या शब्दाचे म्हणाल, तर मुलाने घरी जाऊन "बाबा, तुम्ही आर्द्र क्षौरकर्म करता" असे सांगितले, तर बाबा आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतील. आणि 'ओली दाढी' म्हणजे पावसात भिजून आलेल्या माणसाची दाढी. तेव्हा हे दोन्ही शब्द बाजूला ठेवू. प्रश्न मात्र बाजूला ठेवण्यासारखा नाही.

मुळात या कामाला वेगळे नाव लागावेच का? एके काळी लागत नव्हते. दाढी म्हटली की ती वस्तऱ्याचीच, दुसरी होती कुठे? वस्तूला विशेषण चिकटते ते तिला जोडीदार आला म्हणजे. तुमच्या घरातलीच उदाहरणे घ्या. माग एकच होता तोवर तो नुसता माग होता. यंत्रमाग आला आणि जुना बिचारा 'हातमाग' झाला. गिरणी येण्यापूर्वी सगळेच तांदूळ उखळात सडलेले असत, त्यांना 'हातसडीचे' असे कुणी म्हणत नव्हते. 'लाकडी घाण्याचे तेल', 'चुलीवरची भाकरी' ही नावेही तशीच. जुनी वस्तू तिथेच असते. शेजारी नवी येऊन बसते, आणि मग जुनीला आपली ओळख सांगावी लागते.

दाढीच्या बाबतीत हे नवे शेजारी अमेरिकेतून आले. किंग कँप जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याने पातळ पोलादाची, वापरून टाकून द्यायची पत्ती आणि तिला धरणारे छोटे यंत्र काढले. १९०३ साली त्याचा माल बाजारात आला तेव्हा वर्षभरात ५१ यंत्रे आणि १६८ पत्त्या खपल्या. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजार यंत्रांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ही यंत्रे सरकारातून मिळाली आणि घरी परतताना ती त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. १९३१ साली जेकब शिक याचे विजेवर चालणारे यंत्र विकायला आले. त्याला पाणी नको, साबण नको. दुहेरी पत्तीचे आणि वापरून फेकायचे रेझर आले ते १९७० नंतरच्या दशकात. या सेफ्टी रेझरने, म्हणजे 'सुरक्षित' वस्तऱ्याने, इंग्रजीत एक गंमत केली. नवा सुरक्षित म्हटल्यावर जुना आपोआप असुरक्षित ठरला, आणि विलायतेत साध्या वस्तऱ्याला 'कट-थ्रोट', म्हणजे गळाकापू, असे नाव पडले. आपल्याकडे वस्तरा वस्तराच राहिला. ज्या माणसाच्या हाती आपण दर आठवड्याला मान देतो, त्याच्या हत्याराला असले नाव द्यायला मराठी जीभ धजली नसावी.

मुलगा 'जुन्या पद्धतीनं' म्हणाला. हा शब्द जरा जपून वापरायचा आहे. साबण आणि ब्रश ही जुनी पद्धत खरी, पण किती जुनी? माझ्या आजोळी न्हावी यायचा तो धोकटी घेऊन. कुठे तिला धोपटी म्हणतात. तीत वस्तरा, कात्री, कंगवा, नखे काढायची नराणी, धारेचा दगड, चामड्याचा पट्टा आणि एक आरसा. ब्रश नाही, साबण नाही. अंगणात समोर बसवून वाटीतल्या पाण्यात तो बोटे बुडवायचा आणि हनुवटी, गाल, गळा असा चोळत राहायचा, की चोळून घेणाऱ्याला डुलकी लागावी. मग पट्ट्यावर वस्तरा परजायचा. तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना तो आवाज अजून आठवत असेल. ब्रशला मराठीत आपला असा शब्द नाही, यावरूनच तो पाहुणा हे ओळखावे. तेव्हा 'जुनी', 'पारंपरिक' ही विशेषणे इथे फारशी कामाची नाहीत. आजोबांना साबण-ब्रश ही नवलाई, आणि कॉलेजातल्या पोराला बापाचे पत्तीचे यंत्रसुद्धा पुराणकाळचे.

मग आपल्या भाषेत या कामासाठी काय काय शब्द आहेत ते पाहू.

सगळ्यांत साधा शब्द 'दाढी करणे'. दाढ ज्या जबड्यात असते त्यावर उगवते ती दाढी. पण 'करणे' पाहा. भाजी करणे म्हणजे भाजी तयार करणे, घर करणे म्हणजे घर मांडणे, आणि दाढी करणे म्हणजे ती नाहीशी करणे! परका माणूस मराठी शिकताना इथे हमखास ठेचकाळतो. दाढी हवी असेल तर आपण ती 'ठेवतो' किंवा 'राखतो'. भांडी करणे म्हणजे भांडी घडवणे नव्हे, घासून लख्ख करणे, तसेच हे. संस्कृतातून आलेल्या 'श्मश्रू' शब्दाचीही तीच गत. मूळ अर्थ दाढीमिशी, पण जुन्या घरांतून 'श्मश्रू केली' म्हणजे ती काढली. 'क्षौर' हा शब्द 'क्षुर' म्हणजे वस्तरा यापासून. पंचांगात आणि धर्मकृत्यांत तो टिकला, बोलण्यात नाही.

'वपन' आणि 'बोडणे' हे शब्द उच्चारताना मात्र थोडे थांबले पाहिजे. नवरा मेला की बाईचे डोके वस्तऱ्याखाली घालण्याची चाल आपल्याकडच्या काही जातींत होती. 'केशवपन' हे तिचे सभ्य नाव, 'बोडकी' हे तिने आयुष्यभर ऐकायचे नाव. हे काम करायला लागे तो न्हावीच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावणार नाही, असा निर्धार त्या सभेत झाला. स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून दुसऱ्यांच्या घरातल्या अन्यायाला नकार देणारी ही माणसे. मुलांना इतिहास शिकवताना हा प्रसंग सांगायला दोन मिनिटे पुरतात.

आता 'हजामत', ज्यावर वर्ग हसला तो शब्द. हा अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आला, आणि गंमत अशी की अरबीत त्याचा दाढीशी काही संबंध नाही. 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून अंगातले दूषित रक्त काढणे, आणि हे करणारा तो 'हज्जाम'. पूर्वी हे काम न्हावीच करीत. धारदार हत्यार आणि स्थिर हात गावात आणखी कोणाकडे असणार? विलायतेतसुद्धा न्हावी आणि शल्यवैद्य यांचा संघ १५४० ते १७४५ पर्यंत एकच होता. आपली म्हण आठवा : रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ही म्हण आपण आळशी माणसाला हसण्यासाठी वापरतो. पण तिच्या पोटात एक साक्ष दडलेली आहे, की न्हावी हा गावचा छोटा शल्यवैद्य होता. फोड फोडणे, काटा काढणे, तुंबडी लावणे हे सगळे त्याच्याकडे. म्हणजे 'हजामत' हा मुळात वैद्यकीतला शब्द. त्याची आपण शिवी केली. 'हजामत झाली' म्हणजे फजिती झाली, 'हजाम' म्हणजे कवडीमोलाचा माणूस. मुलाने शब्द बरोबर वापरला होता. बिघडला होता तो हसणाऱ्यांच्या कानात.

आणि आता 'न्हावी'. भाषा शिकवणाऱ्यांनी हा शब्द अवश्य फळ्यावर लिहावा. संस्कृतात 'नापित' आहे, पण त्याहून जुने रूप पालीत सापडते : 'नहापित'. प्राकृतात 'ण्हाविअ', आणि मराठीत 'न्हावी'. 'न्हाणे', 'न्हाणीघर', 'न्हाऊ घालणे' यांच्या घरातलाच हा शब्द. न्हावी म्हणजे न्हाऊ घालणारा. त्याच्या नावात ना वस्तरा आहे, ना कात्री, पाणी आहे.

हे कळले त्या दिवशी मला आजोळचे अंगण पुन्हा आठवले. न्हाव्यापुढून उठलेल्या माणसाला थेट घरात यायची मुभा नसे. कशाला शिवायचे नाही, ओटीवर टेकायचे नाही, आधी आंघोळ. न्हाव्याचा हात लागला म्हणून विटाळ. ज्याचे नावच 'न्हाऊ घालणारा', त्याचा हात लागला म्हणून लोक न्हात होते! आणि त्याला वर्षाचे बलुते मिळे ते खळ्यावरचे धान्य, तेही सगळ्यांचे मापून झाल्यावर. मी लहान होतो, मला यात काही वावगे वाटले नाही. ते आता वाटते.

हा 'नहापित' शब्द ज्या पाली ग्रंथांत येतो, त्यांतच उपालीची गोष्ट आहे. उपाली हा शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र बुद्धाकडे दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला. राजपुत्र बुद्धाला म्हणाले, आधी या उपालीला दीक्षा द्या. तो आमच्याआधी भिक्षू झाला म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. पुढे बुद्धाच्या निर्वाणानंतर पहिली संगीती भरली, तेव्हा भिक्षूंचे नियम, म्हणजे विनय, सांगण्याचा मान या उपालीकडे आला. आपल्या वारकऱ्यांत संत सेना महाराज आहेत. आपल्याच धंद्याचे आरसा, चिमटा, पाणी हे सगळे त्यांनी अभंगात घेतले आणि त्यातून परमार्थ सांगितला. धंदा लपवून त्यांनी संतपण मिळवले नाही. प्रांताप्रांतात या कारागिराची नावे निराळी : मराठवाड्याकडे वारीक, गोव्याकडे म्हालो. समाज स्वतःला नाभिक म्हणवतो, आणि माणसाला त्याच्या पसंतीच्या नावाने हाक मारणे हा साधा शिष्टाचार आहे.

आता नावातल्या या पाण्याकडे वळू, कारण सगळे काम तेच करते. वाळलेला दाढीचा केस चिवट असतो. तो पाणी शोषतो, थोडा फुगतो आणि मऊ पडतो. मग तो कापायला जोर पुष्कळ कमी लागतो. पण हे लगेच होत नाही. दोनतीन मिनिटे पाणी मुरावे लागते, कोमट असेल तर उत्तम. केसावर तेलकटपणा असतो, तो पाण्याला आत शिरू देत नाही; साबण तो धुऊन काढतो. शिवाय फेस पाण्याला गालावर धरून ठेवतो आणि पाते घसरायला वंगण देतो. ब्रशाचे काम फेस काढणे एवढेच नव्हे. गोल फिरवताना तो निजलेला केस उभा करतो. आजोळचा न्हावी बोटांनी इतका वेळ चोळायचा, त्याचे कारण हे. साबणाविना जे करायचे ते तो वेळ देऊन करायचा. आज घाईच्या दुकानात फेस लावला की लगेच पत्ती फिरते, आणि मग गाल चरचरतो. त्यात पत्तीचा दोष थोडा, उतावळेपणाचा जास्त.

आणि वस्तरा पुन्हा पुन्हा परजावा का लागतो? पोलाद केसाच्या सुमारे पन्नासपट कठीण, तरी केस कापून पाते बोथट होते. ही कोड्यासारखी गोष्ट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. पाते नुसते झिजत नाही. केस कापताना वाकतो, आणि पात्याच्या कडेला जिथे पोलादाची घडण एकसारखी नसते तिथे बारीकसा टवका उडतो. अशा टवक्यांनी धार जाते. जुन्या वस्तऱ्याची वाकलेली कड चामड्याचा पट्टा सरळ करतो. टवका मात्र दगडावरच निघतो. पट्टा कधी आणि दगड कधी, हे आपले न्हावी सूक्ष्मदर्शकाशिवाय, अंगठ्याच्या टोकाने ओळखत आले.

एवढे पाहिल्यावर नावासाठी इंग्रजीकडे जायला नको हे तुमच्या ध्यानात आले असेल. आपण एखाद्याला अपमान होईल असे फैलावर घेतले की म्हणतो, 'त्याची बिनपाण्याने केली.' बिनपाण्याने काय केली, ते उघड सांगायची गरजही पडत नाही. म्हणजे विजेचे यंत्र निघण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसाला पाण्याची आणि बिनपाण्याची असा भेद ठाऊक होता, आणि बिनपाण्याची म्हणजे वेदना हेही ठाऊक होते. तेव्हा सरळ 'पाण्याची दाढी' म्हणा. खेड्यातल्या कोणत्याही माणसाला अर्थ विचारावा लागणार नाही. यात वस्तरा आला, पत्तीचे यंत्र आले, साबण-ब्रशही आले आणि नुसत्या बोटांनी चोळणारा आजोळचा न्हावीही आला. हत्यार सांगायचे असेल तर 'वस्तऱ्याची दाढी' आहेच. आणि कसब सांगायचे असेल तर मराठीत एक अस्सल क्रियापद आहे : घोटणे. 'दाढी घोटली' म्हणजे एकदा केसाच्या दिशेने, मग पुन्हा पाणी लावून उलट्या दिशेने, गाल आरशासारखा होईपर्यंत. वाईट झाली तर 'खरडली' किंवा 'भादरली'. या तिन्ही शब्दांत कारागिराची परीक्षाच आहे. असल्या शब्दांचा साठा असताना 'आर्द्र क्षौरकर्म' घडवायला बसणे म्हणजे, क्षमा करा, भिंतीला तुंबड्या लावणेच.

एक गोष्ट मात्र जुनी आहे म्हणून राखू नका. एकच वस्तरा नुसता पुसून दहा गालांवर फिरवणे आता चालणार नाही. दाढी करताना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात. काविळीच्या 'ब' प्रकाराचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस टिकून राहतो. म्हणून पुष्कळ दुकानांतून आता अर्धी पत्ती बसवायचा वस्तरा असतो. दर गिऱ्हाइकाला नवी पत्ती आपल्या डोळ्यांदेखत लावली जाते की नाही ते पाहा, आणि लावली नसेल तर मागा. मागण्यात कारागिराचा अपमान नाही. चांगला कारागीर न मागताच पत्तीचे पाकीट तुमच्यासमोर फोडतो. तुरटीचा खडाही सगळ्यांचा एकच नको. तुरटीने रक्त थांबते, रोग मरतोच असे नाही.

आता गुरुजींना माझे उत्तर. मुलाचे वाक्य खोडलेत ते पुन्हा लिहू द्या. 'हजामत' हा शब्द चुकीचा नाही, आणि तो कुठून आला हे वर्गाला तुम्ही सांगा. त्याला स्वतःला तो शब्द आता नकोसा झाला असेल, तर 'माझे वडील वस्तऱ्याने पाण्याची दाढी करतात' असे लिहू दे. निवड त्याची. पण त्याला तिथे थांबू देऊ नका. पाणी किती वेळ मुरवायचे, फेस कधी झाला असे समजायचे, गळ्याजवळ वस्तरा कोणत्या कोनात धरायचा, म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुतलेल्या गालाची कातडी कुठल्या बोटाने ताणायची, हे त्याने वडिलांना विचारून यावे आणि पुढचे पान भरावे. ते पान वर्गात वाचले गेले, तर त्याची एक प्रत मलाही पाठवा. सुरकुतलेल्या गालाचे उत्तर मलाच हवे आहे.